वाचकांचे प्रश्न : अंतराळ सुरू कुठे होते आणि पोहोचते कुठवर?

प्रश्न : अंतराळ १०० किलोमीटर उंचीवर सुरू होते असे बहुतेक ठिकाणी वाचायला मिळते, पण काही बातम्यांत ८० किलोमीटरचाही उल्लेख असतो. यांतला खरा आकडा कोणता? त्या उंचीवर हवा संपते का?

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात केली तर पहिल्याचे उत्तर देणे सोपे जाईल. हवा त्या उंचीवर संपत नाही. ती कोणत्याच ठरावीक उंचीवर एकदम संपत नाही. समुद्रसपाटीपासून वर जाताना साधारणपणे दर पाच ते साडेपाच किलोमीटरला हवेचा दाब निम्मा होत जातो. या हिशेबाने हवा सतत विरळ होत राहते, पण शून्यावर कधीच येत नाही. १०० किलोमीटर उंचीवर हवेची घनता जमिनीलगतच्या घनतेच्या सुमारे वीस लाखावा भाग एवढीच उरते. तरीही तिथल्या एका घन सेंटिमीटरमध्ये सुमारे १० लाख कोटी रेणू आणि अणू असतात. अवकाशातून वेगाने येणारा दगडाचा कण उल्का म्हणून पेटून उठतो तो ८० ते १२० किलोमीटरच्या पट्ट्यात, म्हणजे तो पेटण्याइतकी हवा तिथे असतेच. ध्रुवीय प्रकाशही प्रामुख्याने १०० किलोमीटरच्या वरच्या हवेतच झळाळतो.

आणखी वर गेले तरी हवेचा माग सुटत नाही. सूर्याच्या निरीक्षणासाठी पाठवलेल्या ‘सोहो’ यानाच्या नोंदींवरून २०१९ मध्ये असे दाखवून देण्यात आले की पृथ्वीभोवतीच्या हायड्रोजनचे अतिविरळ आवरण सुमारे ६ लाख ३० हजार किलोमीटरपर्यंत पसरलेले आहे. चंद्र आपल्यापासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. म्हणजे ‘जिथे पृथ्वीच्या वातावरणाचा शेवटचा अणू संपतो तिथे अंतराळ सुरू’ अशी व्याख्या केली, तर चंद्रावर उतरलेले अंतराळवीरसुद्धा अंतराळात गेले नाहीत असे म्हणावे लागेल. अशी व्याख्या कोणाच्याच उपयोगाची नाही.

म्हणून प्रश्न वेगळ्या रीतीने विचारावा लागतो. हवा आहे की नाही हे न विचारता, तिथे सत्ता कोणाची चालते हे विचारायचे. हंगेरीत जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत काम केलेले अभियंते थिओडोर फॉन कारमान यांनी नेमका हाच विचार मांडला, आणि माझ्या मते या विषयातला तो सर्वांत फलदायी विचार आहे. विमान टिकून राहते ते पंखांवरून वाहणाऱ्या हवेने दिलेल्या उचलीमुळे. हवा विरळ होत गेली की तेवढीच उचल मिळवण्यासाठी विमानाला वेग वाढवावा लागतो. पण पृथ्वी गोल असल्यामुळे वेगाचा स्वतःचाही एक आधार असतो. आडवा वेग पुरेसा वाढला, की वस्तू खाली पडत असतानाच पृथ्वीचा पृष्ठभागही तेवढाच वळत गेलेला असतो, आणि वस्तू जमिनीवर न आदळता पृथ्वीला फेरी घालत राहते. हा वेग सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर, म्हणजे ताशी २८ हजार किलोमीटर आहे. कधीतरी अशी उंची येतेच, की जिथे पंखांवर तरंगण्यासाठी लागणारा वेग आणि कक्षेत फिरण्यासाठी लागणारा वेग सारखाच होतो. त्या उंचीच्या वर पंखांना अर्थ उरत नाही.

कारमान यांनी आपल्या आत्मचरित्रात यासाठी एका प्रत्यक्ष उड्डाणाचा दाखला दिला आहे. १९५६ मध्ये आयव्हन किंचलो या वैमानिकाने एक्स-२ हे रॉकेट विमान सुमारे ३८ किलोमीटर उंचीपर्यंत नेले. त्या उंचीवर आणि त्या वेगात विमानाच्या वजनापैकी ९८ टक्के भार अजूनही हवाच पेलत होती, आणि केवळ दोन टक्के भार वेगामुळे उद्भवणाऱ्या केंद्रोत्सारी बलावर होता. ३ लाख फुटांवर, म्हणजे सुमारे ९१ किलोमीटरवर, हे नाते उलटे होते असे त्यांनी लिहिले. त्यांच्याच कल्पनेच्या आधारे इतरांनी केलेल्या सुरुवातीच्या एका मांडणीत हा आकडा ८४ किलोमीटरच्या आसपास होता. विमानाची रचना, पंखांचे क्षेत्रफळ, वजन आणि त्या दिवशीची हवा यांनुसार उत्तर काही किलोमीटर वर-खाली सरकणारच. पुढे १९६० च्या दशकात विमानोड्डाणाचे विक्रम नोंदवणाऱ्या आंतरराष्ट्रीय वैमानिकी महासंघाने १०० किलोमीटर हा लक्षात राहण्याजोगा पूर्ण आकडा स्वीकारला, आणि तीच ‘कारमान रेषा’ म्हणून जगभर रूढ झाली. कारमान यांनी विचार दिला. १०० हा आकडा मात्र विक्रमांच्या नोंदवहीच्या सोयीसाठी आला.

८० किलोमीटरचा आकडा अमेरिकेचा आहे. तिथे हवाई दलाने ५० मैल, म्हणजे ८०.५ किलोमीटर, ही मर्यादा धरली आणि ती ओलांडणाऱ्या आपल्या वैमानिकांना अंतराळवीराचे पदक दिले. यातून एक विचित्र परिस्थिती निर्माण झाली, ती सविस्तर सांगण्याजोगी आहे. १९६० च्या दशकात एक्स-१५ नावाचे रॉकेट विमान एका बॉम्बफेकी विमानाच्या पंखाखाली अडकवून वर नेले जाई आणि तिथून सोडले जाई. ते उंच चढू लागले की एका टप्प्यानंतर शेपटीवरच्या आणि पंखांवरच्या हलत्या फळ्या निकामी ठरत, कारण त्यांना रेटायला हवाच उरलेली नसे. म्हणून विमानाच्या नाकाजवळ आणि पंखांच्या टोकांकडे हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालणारे छोटे झोत बसवलेले होते, आणि विमानाचे तोंड फिरवण्यासाठी वैमानिक एका वेगळ्या दांड्याने ते झोत सोडत असे. एकाच उड्डाणात एकाच माणसाला दोन प्रकारची सुकाणू हाताळावी लागत, आणि परतताना पहिली पुन्हा हाताला लागू लागली की आपण हवेत आलो हे त्याला कळे. अंतराळाची सीमा याहून स्पष्टपणे कोणाला जाणवली असेल असे मला वाटत नाही. या विमानातून जोसेफ वॉकर यांनी १९६३ च्या जुलै आणि ऑगस्टमध्ये अनुक्रमे १०६ आणि १०८ किलोमीटरच्या आसपास उंची गाठली, म्हणजे दोन्ही व्याख्यांनुसार ते अंतराळात जाऊन आले. पण ते हवाई दलाचे नव्हते, नासाचे मुलकी वैमानिक होते, आणि त्यामुळे त्यांना पदक मिळाले नाही. त्याच विमानातून ८० किलोमीटरच्या वर गेलेल्या हवाई दलाच्या वैमानिकांना मात्र ते मिळाले. वॉकर १९६६ मध्ये एका हवाई अपघातात मरण पावले. त्यांना आणि त्यांच्यासारख्या आणखी दोन मुलकी वैमानिकांना हा मान २००५ मध्ये देण्यात आला.

२०२१ च्या जुलैमध्ये हाच वाद पुन्हा लोकांसमोर आला. रिचर्ड ब्रॅन्सन आपल्या कंपनीच्या यानातून सुमारे ८६ किलोमीटर उंचीवर गेले आणि काही दिवसांनी जेफ बेझोस त्यांच्या कंपनीच्या यानातून सुमारे १०७ किलोमीटरवर. पहिले उड्डाण अमेरिकेच्या मापाने अंतराळातले होते, महासंघाच्या मापाने नव्हते.

आता माझे मत. भौतिकशास्त्राच्या बाजूने पाहिले तर ८० किलोमीटरच्या आसपासचा आकडा मला अधिक खरा वाटतो. खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी २०१८ मध्ये हजारो उपग्रहांच्या कक्षांच्या नोंदी तपासून असे दाखवले की लंबवर्तुळाकार कक्षेत फिरणारे काही उपग्रह पृथ्वीच्या सर्वांत जवळच्या बिंदूपाशी ८० ते ९० किलोमीटरपर्यंत खाली उतरूनही पुन्हा वर गेले आहेत आणि त्यांनी पुढच्या फेऱ्याही पूर्ण केल्या आहेत. ८० च्या खाली मात्र असे टिकणे जवळपास अशक्य होते. मध्यांबर हा वातावरणाचा थरही याच उंचीच्या सुमारास संपतो. त्याच वर्षी महासंघानेही आपली मर्यादा पुन्हा तपासण्याची तयारी दाखवली होती. १०० च्या बाजूने सांगण्यासारखी गोष्टही आहे. साधारण तेवढ्या उंचीपर्यंत वाऱ्यांच्या घुसळणीमुळे नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचे प्रमाण कायम राहते, आणि त्याच्या वर प्रत्येक वायू आपापल्या वजनानुसार वेगळा होऊ लागतो. हलके वायू वर, जड वायू खाली. हा बदल नैसर्गिक आहे, माणसाने ठरवलेला नाही. शालेय प्रकल्पात आकडा लिहायचा असेल तर १०० किलोमीटर लिहावे, पण तो कोणी ठरवला हेही सोबत लिहावे.

प्रश्न : अंतराळ स्थानक ४०० किलोमीटरवर असते. तिथे हवा नाही आणि गुरुत्वाकर्षणही नाही, म्हणूनच माणसे तरंगतात ना?

उत्तर : दोन्ही समजुती बरोबर नाहीत. ४०० किलोमीटरवर पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या तुलनेत सुमारे नव्वद टक्के असते. स्थानक आणि त्यातली माणसे एकाच वेगाने, एकत्रच, सतत पृथ्वीकडे पडत असतात आणि म्हणून एकमेकांच्या तुलनेत तरंगतात. गुरुत्वाकर्षणच नसते, तर स्थानक पृथ्वीभोवती फिरलेच नसते. सरळ रेषेत दूर निघून गेले असते.

हवाही तिथे पूर्णपणे नसते असे नाही. ती इतकी विरळ असते की श्वास घेण्याचा प्रश्नच येत नाही, पण तिच्या रोधामुळे स्थानकाची उंची दर महिन्याला साधारण दोन किलोमीटरने घटते आणि इंजिने चालवून ते अधूनमधून पुन्हा वर न्यावे लागते. सूर्यावर वादळे वाढली की वरची हवा तापून फुगते आणि हा रोधही वाढतो. अमेरिकेचे स्कायलॅब हे स्थानक १९७९ च्या जुलैमध्ये अपेक्षेपेक्षा लवकर कोसळले ते याच कारणाने. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुमारे २१० किलोमीटरच्या सुरुवातीच्या कक्षेत सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी बहुतेक उपग्रह एका भूचुंबकीय वादळामुळे काही दिवसांतच जळून गेले. दोन्ही वेळा ही याने १०० किलोमीटरच्या रेषेच्या कितीतरी वर होती, आणि तरीही त्यांच्या बाबतीत शेवटचा निर्णय हवेनेच केला.

प्रश्न : परदेशी विमान आपल्या देशावरून न्यायचे तर परवानगी लागते, पण परदेशी उपग्रह दिवसातून अनेकदा डोक्यावरून जातात आणि कोणी विचारतही नाही. कायद्यात ही सीमा कोणत्या उंचीवर आहे?

उत्तर : आंतरराष्ट्रीय कायद्यात अशी उंची ठरलेलीच नाही. १९४४ च्या शिकागो करारानुसार प्रत्येक देशाला आपल्या भूमीवरील हवाई क्षेत्रात संपूर्ण आणि अनन्य सार्वभौमत्व आहे. १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार अंतराळावर कोणताही देश मालकी सांगू शकत नाही आणि तिथे वावरण्याचे स्वातंत्र्य सर्वांना आहे. म्हणजे खाली पूर्ण सत्ता आणि वर कोणाचीच सत्ता नाही, असे दोन पूर्णपणे विरुद्ध नियम एकमेकांना लागून आहेत, पण पहिला कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो हे दोन्ही करारांपैकी कशातही लिहिलेले नाही.

ही विसरभोळेपणाने राहून गेलेली त्रुटी नाही. १९५७ मध्ये स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह पृथ्वीभोवती फिरू लागला तेव्हा तो अनेक देशांवरून परवानगीशिवाय गेला आणि कोणत्याही देशाने अधिकृत हरकत घेतली नाही. त्या मौनातूनच उपग्रहांना मार्ग मोकळा आहे असा प्रघात पडला. त्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या बाह्य अवकाशविषयक समितीत सीमेचा प्रश्न १९६० च्या दशकापासून चर्चेला येत आहे. काही देशांचे म्हणणे असे की एक उंची ठरवावी. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की उंचीला महत्त्व न देता यानाचे काम काय आहे ते पाहावे. उपग्रह कक्षेत सोडणारे रॉकेट पहिल्या मीटरपासूनच अंतराळाच्या नियमांखाली धरावे आणि प्रवासी विमान हवाई नियमांखाली. अमेरिकेने बराच काळ सीमा आखण्याची गरजच नाही अशी भूमिका घेतली आहे. काही देशांनी मात्र आपापल्या कायद्यात आकडा घातला आहे. ऑस्ट्रेलियाने २००२ च्या दुरुस्तीने आणि डेन्मार्कने २०१६ च्या कायद्याने १०० किलोमीटर ही उंची स्वीकारली.

सीमा न ठरल्याने काय होऊ शकते याचे एक उदाहरण १९७६ मध्ये दिसले. विषुववृत्तावरील आठ देशांनी बोगोटा येथे जाहीर केले की ३५,७८६ किलोमीटर उंचीवरची भूस्थिर कक्षा, म्हणजे जिथे उपग्रह पृथ्वीवरील एकाच ठिकाणावर स्थिर असल्यासारखा दिसतो ती कक्षा, ही त्यांच्या भूमीवरील नैसर्गिक संपत्ती आहे. हा दावा इतर देशांनी मान्य केला नाही, पण त्यामागची तक्रार खोटी नव्हती: ज्यांच्याकडे रॉकेट होते ते त्या मर्यादित जागा आधी व्यापत चालले होते, आणि ज्यांच्या डोक्यावर त्या जागा होत्या त्यांच्या हाती काही नव्हते.

मला वाटते की आता उंची ठरवायला हवी. उपग्रहांचा मार्ग आणि विमानांचा मार्ग यांत पूर्वी मोठी मोकळी जागा होती, त्यामुळे प्रश्न पुढे ढकलणे सोपे गेले. आज प्रवासी नेणारी उपकक्षीय याने (म्हणजे कक्षेत न जाता वर जाऊन लगेच परतणारी), उंच तरंगणारे फुगे आणि कक्षेतून विमानाप्रमाणे उतरणारी याने त्या मधल्या पट्ट्यात येऊ लागली आहेत. परतणारे यान १०० किलोमीटरच्या खाली आल्यावरही जमिनीवर उतरण्यापूर्वी शेकडो ते हजारो किलोमीटरचे आडवे अंतर कापते, आणि ते अंतर अनेकदा दुसऱ्या देशाच्या डोक्यावरून जाते. वाद उभा राहिल्यावर नियम करायला बसले तर प्रत्येक जण आपल्या बाजूचाच आकडा मांडणार; शांत काळात ठरवलेला साधारण बरोबर आकडासुद्धा त्यापेक्षा चांगला.

प्रश्न : सुरुवातीबद्दल बरेच लिहिले जाते. पण अंतराळ संपते कुठे? व्हॉयेजर यान सूर्यमालेच्या बाहेर गेले असे वाचले होते, त्याचा अर्थ काय घ्यायचा?

उत्तर : खालच्या सीमेप्रमाणेच इथेही कोणाची सत्ता कुठवर पोहोचते हेच पाहावे लागते, आणि अशा मर्यादा एकापुढे एक येत जातात.

पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरपर्यंत एखादी वस्तू पृथ्वीभोवती फिरत राहू शकते. त्यापलीकडे सूर्याचे ओढणे वरचढ ठरते आणि ती सूर्याभोवतीच फिरू लागते. जेम्स वेब दुर्बीण साधारण याच अंतरावर आहे. रेडिओ लहरींच्या वापराचे जागतिक नियम करणारी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना ‘खोल अंतराळ’ २० लाख किलोमीटरपासून पुढे धरते, म्हणजे तिच्या हिशेबाने चंद्र आणि ही दुर्बीण दोन्ही अलीकडेच राहतात.

त्यानंतरची मोठी मर्यादा सूर्याच्या वाऱ्याची. सूर्यातून विद्युतभारित कणांचा झोत सतत बाहेर वाहत असतो आणि त्याने ताऱ्यांदरम्यानच्या विरळ वायूत एक प्रचंड पोकळी तयार केलेली आहे. व्हॉयेजर १ ने या पोकळीची कड ऑगस्ट २०१२ मध्ये, सूर्यापासून सुमारे १२१ खगोलीय एककांवर (एक एकक म्हणजे पृथ्वी आणि सूर्य यांतले सरासरी अंतर), म्हणजे साधारण १,८०० कोटी किलोमीटरवर ओलांडली. पण ती ओलांडली हे लगेच सिद्ध करता आले नाही. आतल्या सौर कणांची संख्या एकदम घटली होती आणि बाहेरून येणारे वैश्विक किरण वाढले होते, मात्र चुंबकीय क्षेत्राची दिशा अपेक्षेप्रमाणे बदलली नव्हती. कणांची घनता थेट मोजणारे यानावरचे उपकरण तर १९८० मध्येच बंद पडले होते. मग सूर्यानेच मदत केली. मार्च २०१२ मध्ये सूर्यावर झालेल्या उद्रेकाची लाट एका वर्षाहून अधिक काळ प्रवास करून २०१३ च्या एप्रिल-मे महिन्यांत यानापर्यंत पोहोचली आणि तिने भोवतालच्या कणांना कंप दिला. यानाच्या लांब अँटेनांनी तो कंप टिपला. कंपाची वारंवारता कणांच्या घनतेवर अवलंबून असते, त्यामुळे घनता गणिताने काढता आली, आणि ती पोकळीच्या आतल्या घनतेच्या सुमारे चाळीस पट निघाली. यान बाहेर पडल्याचा खरा पुरावा हा होता. सूर्याच्या वाऱ्याच्या बाहेरचे अंतराळ आतल्यापेक्षा अधिक भरलेले आहे, ही गोष्ट अनेकांना उलटी वाटते, पण मोजमाप तसेच आहे. व्हॉयेजर २ ने ती कड नोव्हेंबर २०१८ मध्ये ११९ खगोलीय एककांवर ओलांडली, आणि त्या यानावर कण मोजणारे उपकरण चालू होते.

म्हणून ‘व्हॉयेजर सूर्यमालेबाहेर गेले’ हे विधान मला अपुरे वाटते. ते सूर्याच्या वाऱ्याबाहेर गेले आहे, सूर्याच्या गुरुत्वाकर्षणाबाहेर नाही. धूमकेतूंचा ऊर्ट मेघ सूर्याला बांधलेला आहे आणि तो सुमारे एक लाख खगोलीय एककांपर्यंत पसरलेला असावा असे मानतात. त्याच्या आतल्या कडेपर्यंत पोहोचायला व्हॉयेजर १ ला सुमारे ३०० वर्षे लागतील आणि तो पार करायला सुमारे ३० हजार वर्षे.

त्यापुढची अंतरे किलोमीटरमध्ये सांगण्यात अर्थ नाही. सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे, आपली आकाशगंगा सुमारे एक लाख प्रकाशवर्षे रुंद आहे, आणि देवयानी दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षे दूर. दीर्घिकांमधल्या जागेत एका घनमीटरमध्ये सरासरी एक अणूसुद्धा सापडत नाही, पण तीही पूर्ण रिकामी नाही. विश्वाच्या आरंभीच्या काळातून आलेले प्रारण तिच्यात सर्वत्र भरलेले आहे आणि त्याचे तापमान निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे शक्य असलेल्या सर्वांत कमी तापमानाच्या, २.७ अंश वर आहे.

या सगळ्याच्या पुढे जी मर्यादा येते ती प्रकाशाची. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे, त्यामुळे त्यापेक्षा आधी निघालेला प्रकाश आपल्याला दिसू शकत नाही. ज्या पदार्थाचा प्रकाश आता आपल्यापर्यंत पोहोचतो आहे तो पदार्थ मात्र दरम्यानच्या प्रसरणामुळे आज सुमारे ४,६५० कोटी प्रकाशवर्षांवर गेलेला आहे. यालाच दृश्य विश्वाची त्रिज्या म्हणतात. ती अंतराळाची कड नव्हे. तिथल्या एखाद्या ग्रहावर कोणी निरीक्षक असेल, तर त्यालाही स्वतःभोवती तेवढ्याच त्रिज्येचे विश्व दिसेल आणि आपण त्याच्या कडेवर असू. अंतराळाची वक्रता मोजण्याचे आजवरचे प्रयत्न ती शून्याच्या अगदी जवळ असल्याचे सांगतात. ती नेमकी शून्य असेल तर अंतराळ अनंत असू शकते, आणि गोलाच्या पृष्ठभागासारखी अतिसूक्ष्म वक्रता असेल तर ते मर्यादित असूनही त्याला कड नसेल.

यात आणखी एक मर्यादा आहे, ती कमी वाचायला मिळते. प्रसरणाचा वेग वाढत चालल्यामुळे सुमारे १,६०० ते १,७०० कोटी प्रकाशवर्षांपलीकडच्या दीर्घिकांकडे आपण आज प्रकाशाचा किरण पाठवला, तरी तो तिथे कधीच पोहोचणार नाही. त्या दीर्घिका आपल्याला दिसतात, कारण त्यांचा प्रकाश फार पूर्वी निघाला होता. पण आज त्यांच्याकडून निघालेला प्रकाशही आपल्यापर्यंत कधी येणार नाही.